त्वचेचा काळा कर्करोग : कारणे, लक्षणे व निवारण

(मठाच्या वर्धापनदिन-उत्सवात इतवारा, बऱ्हाणपूर येथे दिलेले व्याख्यान)



उत्सवाच्या व्यासपीठावरून रोगाविषयी बोलावे, हे कित्येकांना प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु देह हे साधनेचे पहिले उपकरण आहे, ही गोष्ट आपल्या परंपरेने कधीही नाकारलेली नाही. शिवाय जेथे इतक्या घरांतील वडीलधारी मंडळी, माताभगिनी आणि तरुण एकत्र बसलेले असतात, तेथे सांगितलेली आरोग्याची चार वाक्ये जितक्या उंबऱ्यांच्या आत जातात तितकी दवाखान्यात बसून सांगितलेली जात नाहीत. म्हणून आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी मुद्दाम असा रोग निवडला की, जो आपल्या समाजात विरळा आहे, परंतु ज्याला होतो त्याच्या बाबतीत बहुधा उशिरा ओळखला जातो. त्याचे नाव मेलानोमा. म्हणजे त्वचेचा काळा कर्करोग.

आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवतो. पुढील सारे विवेचन विसरले तरी चालेल. एवढी एक गोष्ट मात्र आपण घरी न्यावी. आपण थोरांच्या पायांवर मस्तक ठेवतो, पादुकांचे दर्शन घेतो; परंतु स्वतःच्या तळपायाकडे, किंवा घरातील वृद्ध माता-पित्यांच्या तळपायाकडे, वर्षानुवर्षे पाहत नाही. आणि आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत हा रोग ज्या जागी विशेषेकरून उद्भवतो, ती जागा म्हणजे नेमका तळपाय होय.

प्रथम हा रोग म्हणजे काय ते पाहू. आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी काही विशेष पेशी असतात. त्यांना रंगपेशी म्हणू. मेलानिन नावाचे काळसर द्रव्य निर्माण करून ते शेजारच्या पेशींना पुरविणे हे त्यांचे काम. हे द्रव्य पेशींच्या गाभ्यावर छत्रीसारखे पसरते आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून त्यांचे रक्षण करते. गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या अंगात या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. भेद असतो तो त्या किती व कशा प्रकारचे रंगद्रव्य तयार करतात एवढाच. अंगावरचा साधा तीळ हा अशाच पेशींचा एक निरुपद्रवी पुंजका असतो. परंतु क्वचित् एखाद्या रंगपेशीतील बीजसूत्रांत बिघाड होतो, ती बंधन सोडून वाढू लागते, आणि प्रथम त्वचेच्या पृष्ठभागावर पसरून नंतर खोल शिरते. हाच मेलानोमा. ग्रीक भाषेत काळ्या रंगाला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले. हृदयाचे ठोके ऐकण्याची नळी ज्यांनी शोधून काढली त्या लाएनेक या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या रोगाचे वर्णन स्वतंत्र रोग म्हणून केले होते.

आता कारणांकडे वळू. गोऱ्या कातडीच्या लोकांत याचे मुख्य कारण ऊन हेच आहे. विशेषतः बालपणी व तारुण्यात कातडी भाजून लाल होईल असे ऊन वारंवार लागले, तर पुढे धोका वाढतो. म्हणूनच युरोपीय वंशाचे लोक जेथे प्रखर उन्हाच्या देशात जाऊन राहिले, त्या ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत या रोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. कातडी तांबूस करून घेण्यासाठी पाश्चात्त्य देशांत जे कृत्रिम किरणांचे दिवे वापरतात, त्यांची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००९ साली निश्चितपणे कर्करोगकारक अशा वर्गात केली. याखेरीज अंगावर शंभराहून अधिक तीळ असणे, जवळच्या नातलगाला हा रोग झालेला असणे, किंवा एखाद्या औषधामुळे वा रोगामुळे शरीराची प्रतिकारशक्ती दुबळी झालेली असणे, हीही कारणे सांगता येतात. २०२० या एका वर्षात साऱ्या जगात सुमारे सव्वातीन लाख लोकांना हा रोग झाला आणि सुमारे सत्तावन्न हजार लोक त्याने दगावले.

भारतात मात्र याचे प्रमाण लाख माणसांत वर्षाला एकाहूनही कमी आहे. निमाड-खानदेशातील शेतकरी जन्मभर उन्हात राबतो, केळीच्या व कापसाच्या शेतात त्याची पाठ तापत राहते, तरीही त्या पाठीवर हा रोग फारसा दिसत नाही. कारण ईश्वराने त्याला रंगद्रव्याचे कवच दिले आहे. मग आपण निश्चिंत राहावे काय? नाही. कारण या रोगाचा एक प्रकार असा आहे की, ज्याचा उन्हाशी फारसा संबंधच दिसत नाही. तो तळपायावर, तळहातावर आणि नखांच्या खाली होतो. तळव्याची कातडी सर्व वर्णांच्या लोकांत फिकट असते आणि तिला ऊन लागत नाही. गोऱ्या लोकांच्या एकंदर मेलानोमांत हा प्रकार शंभरात दोन-तीन एवढाच आढळतो. आपल्याकडे, आफ्रिकेत व पूर्व आशियात मात्र जे थोडे मेलानोमा होतात त्यांत याचाच वाटा मोठा असतो. त्याचे कारण अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही. तळव्याच्या ज्या भागावर शरीराचा भार पडतो, म्हणजे टाच आणि चवडा, तेथे तो अधिक दिसतो, असे जपानमधील निरीक्षण आहे. त्यावरून सततच्या दाबाचा व आघाताचा त्यात काही भाग असावा, असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

हे ऐकून कोणी असा अर्थ करू नये की, अनवाणी चालल्याने कर्करोग होतो. तसे सिद्ध झालेले नाही. आपल्यापैकी अनेकांनी नर्मदेची परिक्रमा केली असेल. मुक्ताईनगरहून निघणाऱ्या पालखीबरोबर कित्येकजण पंढरपुरापर्यंत पायी गेले असतील. त्यांनी आपले व्रत सोडावे, असे मी मुळीच म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या पायांनी इतके चालविले त्यांचे तळवे घरी आल्यावर एकदा धुऊन, उजेडात धरून, नीट पाहावेत. पायाला काटे, फोड व भेगा ज्यांना नित्याच्याच आहेत, त्यांनाच एखादा काळा डाग वेगळा म्हणून ओळखू येणे कठीण जाते.

हा घोटाळा केवळ आपल्याकडेच होतो असे नाही. बॉब मार्ली हे जमैका देशातील जगप्रसिद्ध गायक. १९७७ साली त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच रोग आढळला. प्रथम ती फुटबॉल खेळताना झालेली दुखापत आहे, अशीच समजूत होती. रोग पुढे मेंदूपर्यंत व फुप्फुसांपर्यंत पसरला आणि ११ मे १९८१ रोजी वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. वर्ण काळा असला म्हणजे या रोगापासून अभय मिळते, हा समज किती घातक आहे, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

आता लक्षणे सांगतो. ती माताभगिनींनी विशेष लक्ष देऊन ऐकावीत, कारण घरातील मुलांच्या व वृद्धांच्या अंगावरचे डाग प्रथम त्यांच्याच नजरेस पडतात. साधा तीळ बहुधा गोल, एकरंगी, रेखीव काठाचा असतो आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो. संशयास्पद डागाची पाच चिन्हे आहेत. पहिले, त्याच्या मधून रेघ ओढली असता दोन्ही अर्धे सारखे दिसत नाहीत. दुसरे, त्याचा काठ वेडावाकडा, कागदावर शाई फुटावी तसा असतो. तिसरे, त्यात काळा, तपकिरी, निळसर, तांबडा असे एकाहून अधिक रंग दिसतात. चौथे, तो सहा मिलिमीटरांहून, म्हणजे साधारणपणे शिसपेन्सिलीच्या जाडीहून, मोठा असतो. आणि पाचवे व सर्वांत महत्त्वाचे चिन्ह म्हणजे तो बदलतो : आकाराने वाढतो, उंचावतो, त्याला खाज सुटते, त्यातून रक्त वा पाणी येते. पहिली चार चिन्हे असोत वा नसोत, प्रौढ वयात नव्याने उमटलेला आणि पाहता पाहता बदलणारा डाग हा डॉक्टरांना दाखविलाच पाहिजे.

तळपायाच्या बाबतीत आणखी सावध असावे लागते. येथे डाग काळाच असेल असेही नाही. कधी कधी रंगद्रव्य निर्माणच होत नाही आणि रोग तांबूस मांसासारखा, न भरणाऱ्या जखमेच्या रूपाने दिसतो. म्हणून जे कुरूप नेहमीच्या उपायांनी बरे होत नाही, जी चामखीळ रक्त गाळते, जी जखम महिना-दीड महिना होऊनही भरत नाही, तिची तपासणी झालीच पाहिजे. नखाखाली मार लागून रक्त साकळले असेल, तर नख जसजसे वाढते तसतसा तो काळा डाग पुढे सरकतो आणि काही महिन्यांत निघून जातो. परंतु एकाच नखावर नव्याने उभी काळी रेघ आली, ती रुंदावत गेली, किंवा तो काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तर ते धोक्याचे चिन्ह समजावे. आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर फिकट तपकिरी रेघा जन्मभर असू शकतात. त्यांना भिण्याचे कारण नाही. तसेच हा रोग तोंडाच्या आत, टाळूवर वा हिरडीवरही होऊ शकतो. दंतवैद्याकडे जाल तेव्हा तोंडातील काळ्या डागाविषयी अवश्य विचारावे.

डाग लवकर ओळखण्यास एवढे महत्त्व का, हे आता सांगतो. या रोगाचे भवितव्य प्रामुख्याने त्याच्या खोलीवर अवलंबून असते आणि ती खोली मिलिमीटरांत मोजतात. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १९७० साली हे मोजमाप रूढ केले. डाग एक मिलिमीटरच्या आत असताना, म्हणजे सुमारे दहा कागदांच्या जाडीइतकाही खोल गेलेला नसताना, शस्त्रक्रियेने काढला, तर दहांपैकी नऊहून अधिक रुग्ण दीर्घकाळ जगतात. तोच चार मिलिमीटरांहून खोल गेला की चित्र पालटते. एखाद्या माणसाचे आयुष्य आणि मरण यांमध्ये कधी कधी ज्वारीच्या एका दाण्याच्या जाडीएवढेच अंतर असते.

खोल गेल्यावर रोग पसरतो कसा, हे बऱ्हाणपूरच्या लोकांना समजावून देणे सोपे आहे. आपल्या नगराबाहेर कुंडी भंडारा आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून एका कुंडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असे शंभराहून अधिक कुंड्यांतून शहराकडे यावे, अशी ती सतराव्या शतकातील योजना. शरीरातही रक्तवाहिन्यांखेरीज लसिकेच्या सूक्ष्म वाहिन्यांचे असेच एक जाळे आहे आणि ठिकठिकाणी त्याच्या कुंड्या आहेत. त्यांनाच आपण गाठी म्हणतो. तळपायावरच्या रोगाची पहिली कुंडी बहुधा जांघेत असते. पाणी कोठे गढूळ झाले हे पाहावयाचे तर उगमाजवळची पहिली कुंडी आधी तपासावी, त्याप्रमाणे शल्यवैद्य रंग सोडून ती पहिली गाठ शोधतात व काढून तपासतात. १९९२ साली डोनाल्ड मॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पायाला जखम नसताना जांघेत अवधाण आले असेल, तर त्याच पायाचा तळवा आधी पाहावा, हे सूत्र यावरून आपल्या ध्यानात येईल.

आता उपचाराविषयी. आरंभीच्या अवस्थेत शस्त्रक्रिया हाच खरा उपचार. डागाभोवतीची एक ते दोन सेंटिमीटर निरोगी कातडी त्याच्यासह काढतात. पायाच्या बोटाला रोग असेल तर कधी बोट गमवावे लागते. दूरवर पसरलेल्या रोगात पूर्वी रुग्ण बहुधा वर्षभरही जगत नसे. २०११ सालापासून ही स्थिती पालटू लागली. शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीला बांधून ठेवणारे लगाम सैल करणारी औषधे निघाली. या शोधाबद्दल जेम्स अ‍ॅलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती औषधे एकत्र दिली असता पसरलेल्या रोगाचेही निम्म्याच्या आसपास रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते, असे एका मोठ्या अभ्यासात दिसले. परंतु ती फार महाग आहेत, आणि तळपायाच्या प्रकारात त्यांचा गुण तुलनेने कमी येतो. तेव्हा औषधे निघाली म्हणून आपण उशीर करावा, असे मुळीच नाही.

उशीर होतो तो का? रोग दुखत नाही, हे पहिले कारण. दुसरे कारण आपले घरगुती उपाय. तळपायावर काही उठले की ते कुरूप आहे असे ठरवून आपण त्यावर बिब्बा घालतो, रुईचा चीक लावतो, पात्याने कापतो, वा तापलेल्या लोखंडाने डागून घेतो. साध्या कुरुपाने एक वेळ हे सोसले. काळ्या डागावर मात्र यांपैकी काहीही करू नये. त्याने रोग जात नाही, केवळ त्याचे रूप झाकले जाते आणि मोलाचे महिने निघून जातात. तिळावरून गोंदवून घेणेही टाळावे, कारण गोंदणाखाली झालेला बदल दिसत नाही. लग्नकार्यात पायाला अळता वा मेंदी लावण्यापूर्वी तळवा एकदा पाहून घ्यावा. आणि तिसरे कारण म्हणजे भय. ‘गाठीला लोखंड लागले की ती भडकते’ हे वाक्य मी कित्येक घरांत ऐकले आहे. शास्त्राला ते मान्य नाही. तज्ज्ञाने योग्य रीतीने तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याने रोग पसरत नाही. तुकडा न काढल्याने मात्र रोगाचे नावच कळत नाही, आणि नाव कळल्यावाचून उपचार कसला? शस्त्रक्रियेनंतर ज्यांचा रोग वाढलेला लोकांनी पाहिला, त्यांचा रोग बहुधा आधीच पसरलेला होता.

मेलानोमाखेरीज त्वचेचे इतर कर्करोगही आहेत, आणि त्यांपैकी एकाचा संबंध आपल्या पोषाखाशी आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील थोर संशोधक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्या सहकारी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट बांधल्याने तेथील कातडी काळवंडते, जाड होते, सोलते, आणि क्वचित् तेथे कर्करोग होतो, असे त्यांनी दाखवून दिले. वैद्यकग्रंथांत त्याला धोतराचा कर्करोग असेच नाव मिळाले. त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी, २०२४ साली, वर्ध्याच्या व बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एक नऊवारीखाली परकराची नाडी करकचून बांधीत असे. दुसरी परकरावाचून लुगडे कमरेला घट्ट कसून नेसत असे. एकीची जखम दीड वर्ष, तर दुसरीची दोन वर्षे भरली नव्हती, आणि दुसरीचा रोग जांघेच्या गाठीपर्यंत पोचला होता. हा मेलानोमा नव्हे, दुसऱ्या पेशींचा कर्करोग. परंतु धडा तोच. पोषाख सोडावयास नको. नाडी रुंद असावी, थोडी सैल बांधावी, तिची जागा अधूनमधून बदलावी, आणि कमरेवरची न भरणारी जखम लाजेपोटी झाकून ठेवू नये. जुन्या भाजल्याच्या वणावर नव्याने झालेल्या जखमेलाही हाच नियम लागू आहे.

निवारणाची सारी योजना आता थोडक्यात सांगतो. महिन्यातून एक दिवस ठरवावा. एकादशी वा पौर्णिमा धरली तर तो विसरला जाणार नाही. स्नानानंतर उजेडात बसून दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या, वीसही नखे, तळहात आणि आरशात तोंडाचा आतला भाग पाहावा. पाठ दुसऱ्याने पाहावी. वृद्धांना वाकता येत नाही. त्यांचे तळवे सुनांनी, मुलांनी, नातवंडांनी पाहावेत. डाग आढळला तर त्याचे छायाचित्र दूरध्वनीवरच्या कॅमेऱ्याने काढून ठेवावे, म्हणजे पुढच्या महिन्यात बदल कळेल. शेतात चालताना, विशेषतः काटेरी जमिनीवर, पायताण वापरावे. दुपारच्या उन्हात डोक्यावर फेटा, पदर वा छत्री असावी. ज्या मुलांची त्वचा, केस व डोळे जन्मतःच वर्णहीन असतात त्यांना तर उन्हापासून जपलेच पाहिजे, कारण निसर्गाचे कवच त्यांना मिळालेले नसते.

शंका आली तर प्रथम जिल्हा रुग्णालयात जावे. पुढील तपासणीसाठी खंडवा, जळगाव व इंदूर येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालय आपल्याच रेल्वेमार्गाच्या टोकाला आहे. खर्चाच्या भीतीने थांबू नये. २०१८ सालापासून सुरू असलेल्या आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतो, आणि २०२४ सालापासून सत्तर वर्षे व त्यापुढील वृद्धांना उत्पन्नाची अट न लावता त्यात घेतले आहे.

श्रोतेहो, मठात येणारा प्रत्येकजण पायरीपाशी पादत्राणे काढतो आणि पाय धुऊन आत येतो. त्या क्षणी आपल्या तळव्यांकडे एकदा दृष्टी टाकण्यास कोणतेही यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, आणि क्षणापलीकडे वेळही लागत नाही. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाचे पाय हाती घ्यावेत व तळवे पाहावेत. सेवाही घडेल आणि तपासणीही होईल.